नानांच्या ॲव्हरेजवर धुळ्यापर्यंत

वरचं नाव वाचून तुम्हाला वाटलं असेल, की आता हा पोरगा पेट्रोल वाचवायच्या युक्त्या सांगणार. एखाद्याने पेनही शोधायला घेतलं असेल. सांगतो, बसा. सगळ्या सांगतो. मी त्या सगळ्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर वापरल्यात. आणि त्याच दिवशी आमची गाडी धुळ्याजवळच्या फागण्याच्या अलीकडे, टळटळीत उन्हात, टाकीत थेंब नाही म्हणून उभी राहिली.

नाना म्हणजे माझे मोठे काका. जळगावात मेहरूणला आम्ही सगळे एकाच घरात राहतो. किराणा दुकान मुलाच्या हाती देऊन त्यांनी पंचावन्नाव्या वर्षी गाडी शिकून घेतली आणि तेव्हापासून त्यांना ॲव्हरेजचं वेड लागलं. लग्नात कुणी नवा जावई भेटला तर तो काय करतो हे नंतर, आधी त्याची गाडी काय देते. त्याने आकडा सांगितला की नाना मान तिरकी करतात, डोळे बारीक करतात आणि म्हणतात, "पाय जड आहे तुमचा." हे मी हुबेहूब करतो. नाना घरात नसताना आई मुद्दाम करायला लावते.

कारण मला येतं ते एवढंच. शाळेत हेडमास्तरांची नक्कल केली, तिथून जे सुरू झालं ते गॅदरिंग, हळदी, वाढदिवस. वडील याला काम म्हणत नाहीत. पाहुण्यांनी विचारलं पोरगा काय करतो, तर ते पाणी आणायला उठतात. म्हणून धुळ्याच्या एका छोट्या रेडिओ केंद्रातून फोन आला तेव्हा मी घरभर नाचलो. सकाळच्या कार्यक्रमाला बोलणारा माणूस हवा होता. आवाज तपासायला अकराला या म्हणाले. हे जमलं असतं तर वडिलांना पाहुण्यांसमोर बसून राहता आलं असतं.

मी बसने जाणार होतो. सकाळी बसलो असतो तर दहाच्या आत धुळ्यात चहा पीत बसलो असतो. हे वाक्य मी त्यानंतर घरात इतक्यांदा म्हटलंय की आता धाकटी बहीण ते माझ्या आवाजात म्हणते.

पण नाना म्हणाले, बस कशाला? त्यांनाही धुळ्याला पाण्याच्या पंपाचा पार्ट घ्यायचाच होता. अक्काला, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीला, पारोळ्याहून धुळ्याला लेकीकडे जायचंच होतं. तीन कामं, एक फेरी. तीन वेळा गाडी काढण्यापेक्षा एकदाच काढावी, हीच खरी बचत. आणि खोटं कशाला बोलू, हे त्यांचं बरोबर आहे. आदल्या दिवशी चारही चाकांत नीट मोजून हवा भरून आणली होती, तेही बरोबर. नानांचं वैताग आणणारं हेच आहे. सगळंच चूक असतं तर मी बसनेच गेलो असतो.

पहाटे सहाला आम्ही पंपावर. पेट्रोल पहाटेच भरायचं, कारण तेव्हा ते गार आणि घट्ट असतं, हा नियम. पण पंपावर टँकर रिकामा होत होता. टँकर ओतत असताना खालचा गाळ वर येतो, तेव्हा भरायचं नाही, हा दुसरा नियम. थांबलो. टँकर गेला. मग गाळ बसायला वेळ द्यायचा म्हणून आणखी थांबलो. गाळ बसेपर्यंत ऊन वर आलं. आता पेट्रोल फुगलं.

मी म्हटलं, नाना, टाकी जमिनीखाली असते. वर ऊन काय आणि थंडी काय, खाली फारसा फरक पडत नाही. मोबाइलवर काढून दाखवलं. नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तू गेला होता का खाली?"

मी गेलो नव्हतो. आहे त्या पेट्रोलवर निघालो. नानांच्या हिशेबाने ते धुळ्यापर्यंत पुरत होतं, रात्री अक्काच्या लेकीकडे राहू आणि उद्या पहाटे तिथेच भरू म्हणाले.

गाडी मी चालवत होतो. म्हणजे स्टिअरिंग माझ्या हातात होतं. एसी बंद, कारण तो पेट्रोल पितो. काचाही बंद, कारण उघड्या काचेतून हवा शिरते आणि गाडी मागे ओढली जाते. यातलं एक एक वेगळं ठीक आहे. दोन्ही एकदम, एप्रिलमध्ये, जळगाव जिल्ह्यात, करून बघा. इस्त्री केलेला शर्ट जळगावाबाहेर पडताच लागणाऱ्या बांभोरीच्या पुलावरच अंगाला चिकटला.

"दाबू नको. ॲक्सिलरेटरखाली पिकलं केळं आहे असं समज. पाय ठेवायचा, पण केळं फुटू द्यायचं नाही."

केळ्यांचे ट्रक आम्हाला मागे टाकत होते. ट्रॅक्टरवाल्यानेही वळून पाहिलं. पुढचं वाहन दिसलं की लांबूनच पाय काढायचा, म्हणजे ब्रेक लागत नाही आणि पुन्हा वेग घ्यावा लागत नाही. हे चांगलं आहे, हे मी अजूनही करतो. पण नानांना पुढचं वाहन क्षितिजावरच दिसायचं.

मग एरंडोलजवळ उड्डाणपुलाचा उतार आला. नाना म्हणाले, न्यूट्रल कर आणि गाडी बंद कर, आपोआप जाते. आमच्याकडे हे सगळेच करतात, मोटारसायकलवाले तर अभिमानाने करतात. मी म्हटलं, नाना, गाडीबरोबर पुस्तक आलंय त्यात लिहिलंय. गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंजिन उतारावर पेट्रोल घेतच नाही. आणि बंद केली तर ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंग अडकू शकतं. नाना म्हणाले, पुस्तक कोणी छापलं? गाडी विकणाऱ्याने. एवढं बोलून त्यांनी हात लांबवून चावी फिरवली.

स्टिअरिंग अडकलं नाही, पण इतकं जड झालं की मी दोन्ही हातांनी लोंबकळल्यासारखा धरून होतो. मागे ट्रक हॉर्न मारत होता. पुलाखाली येऊन गाडी पुन्हा सुरू झाली. तेव्हा माझ्या तोंडून जे शब्द फुटले ते इथे लिहीत नाही. नाना शांतपणे म्हणाले, "बघ, एवढं अंतर फुकट आलो." मी चावी त्यांच्या हाताला लागणार नाही असा गुडघा आडवा ठेवून पुढची गाडी चालवली.

दहा वाजायला आले तेव्हा आम्ही पारोळ्यात. अक्का ओट्यावर तयार बसली होती. तिच्यासोबत दादर ज्वारीचं पोतं, लोणच्याची बरणी आणि एक लोखंडी पाळणा. लेकीच्या बाळाचा. मी पाळण्याकडे बघतोय हे पाहून अक्का म्हणाली, "काय बघस? तूबी यामाच झोपेल शे." मी म्हटलं, अक्का, ही गाडी आहे, टेम्पो नाही. नाना म्हणाले, गाडी जातेच आहे ना, मग रिकामी का न्यायची?

आता मी तुम्हाला विचारतो. बंद काचेने हवा शिरू न देणारा माणूस टपावर लोखंडी पाळणा बांधतो, तेव्हा त्याला काय म्हणायचं? पाळण्याच्या गजांमधून वाऱ्याची शिट्टी वाजत होती. मागे पोतं, त्याला टेकून अक्का. टपावर ओझं असलं की गाडीला वारा अडवतो आणि पेट्रोल जास्त लागतं, हे मी सांगून बघितलं. नाना म्हणाले, पाळणा पोकळ आहे.

पारोळा सोडलं आणि थोड्याच वेळात पेट्रोलचा दिवा लागला. पिवळा. मी बोट दाखवलं. नाना म्हणाले, तो दिवा घाबरट माणसांसाठी असतो. एक पंप गेला. मी पाय काढला, नाना म्हणाले चल. आणखी एक पंप गेला, चांगला सावलीतला. मी विनवण्या केल्या. नाना, दोन लिटर टाकू. नाना, अकराला बोलावलंय. फुगलेलं तर फुगलेलं, माझ्या वाट्याचं फुगलेलं टाकू. मागून अक्काही म्हणाली, टाक ना रे भो, पोरगं रडकुंडीला आलंय. पण एवढ्या वर्षांत भर उन्हात पेट्रोल न भरलेला माणूस दोन पुतण्यांच्या विनवणीनेही भरणार नाही, मी तर एकटाच होतो.

गाडीने दोन आचके दिले आणि थांबली. तिला नियम कळत नव्हते.

अकरा वाजले तेव्हा मी महामार्गावर गाडी ढकलत होतो. स्टिअरिंगवर नाना. आत अक्का, कारण तिचे गुडघे दुखतात, आणि पोतं, कारण ते कुठे ठेवणार. शेवटी रिकाम्या कॅना घेऊन परत निघालेला एक दूधवाला थांबला. त्याने मला मागे बसवलं. रस्ता जरा उतरला तर त्याने मोटारसायकल बंद केली. मी त्याच्या पाठीमागे अक्षरशः डोळे मिटून घेतले. पंपावरच्या माणसाने गाडी बंद पडल्याची खात्री करून मगच आपल्याकडच्या डब्यात पेट्रोल दिलं. निघताना नानांनी बजावलं होतं, थोडंच आण, बाकी उद्या पहाटे.

रेडिओ केंद्रात पोहोचलो तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. शर्टावर घाम, हातांना गाडीची धूळ. अक्काला लेकीकडे सोडायचं राहिलंच होतं, म्हणून तीही आत येऊन नानांशेजारी बाकावर बसली. मी आतल्या खोलीत गेलो, तिथल्या मॅडम डबा उघडत होत्या. उशीर का झाला विचारलं. मी सांगायला लागलो, पण सकाळपासून इतकं साचलं होतं की माझ्या आवाजात ते येईचना. ते नानांच्या आवाजात आलं. मान तिरकी, डोळे बारीक. सत्तरच्या वर जायचं नाही, केळं, गाळ, फुगणं, पोकळ पाळणा, सगळं. मॅडमनी घाईघाईने मला माइकसमोर उभं केलं आणि पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं. काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला टेबलावर डोकं टेकून हसत होता. आयुष्यात इतकं चांगलं मी कधी केलं नव्हतं.

हसून झाल्यावर मॅडमनी डोळे पुसले. आवाज फार छान आहे म्हणाल्या. पण कार्यक्रम सकाळी सहाचा असतो, तिथे वेळेवर येणारा माणूस लागतो, आणि एक मुलगा साडेदहापासून येऊन बसला होता, त्याला त्यांनी हो म्हणून टाकलं होतं. तो नकला करत नाही. त्याची मोटारसायकल आहे आणि टाकी भरलेली असते.

बाहेर आलो. आतलं सगळं बाहेरच्या भिंतीवरच्या स्पीकरवर ऐकू येत होतं, हे मला तेव्हा कळलं. अक्का पदर तोंडाला लावून हलत होती. नाना उभे राहिले आणि गाडीकडे गेले. अक्काला लेकीच्या दारात पाळण्यासकट उतरवलं, पंपाचा पार्ट घेतला, रात्र लेकीकडेच काढून पहाटे गार पेट्रोल भरलं, तरी नाना गप्पच. मला वाटलं, दुखावले. काम गेलं ते माझं, आणि वाईटही मलाच वाटत होतं, याचाही राग आला. धुळ्याच्या बाहेर पडल्यावर मी म्हटलं, नाना, चुकलं असेल तर माफ करा.

नाना चिडले की शहरातली मराठी सोडून अहिराणीवर येतात, ळचा य होतो आणि माझंचं मनं.

"चुकनंच. तू त्या बाईले काय सांगं? नाना म्हनतस, सत्तरना वर जावानं नई. मी कधय सत्तर म्हनं? पंचावन्न म्हनस मी. पंचावन्न. आते धुयानं बठ्ठं गाव सत्तरनी गाडी चालाडी आनि नाव मनं लेई. आनि पेट्रोल मनामुये नई सरनं, तुना पायमुये सरनं. तोंड चालस तव्हय पाय दाबस तू. आते घर येस तोवर एक शब्द बोलू नको."