पेन ड्राइव्ह होता

निळ्या गाडीचा बेंजोवाला हातानं वाजवत नाही, पेन ड्राइव्ह लावून नुसता हात फिरवतो, ही गोष्ट आमच्या भागात पसरली ती माझ्यामुळे. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शाळेतल्या सोबत्यांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. मी कमी बोलतो असं सगळे म्हणतात. कमी बोलणं हा चांगला गुण आहे असं मलाही बरीच वर्षं वाटत होतं.

सिंदेवाहीच्या पुढच्या गावांत मी मास्तरकी केली. आमच्याकडे लग्न असो की शारदेचं विसर्जन, धुमाल लागतोच. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुढे ढोल, ताशे आणि पॅड वाजवणारे, मागे स्पीकर रचलेली गाडी, आणि त्या गाडीवर बेंजो, म्हणजे पेटीसारख्या पट्ट्या दाबून वाजवायचं तारांचं वाद्य. गाणारा कोणी नसतो. गाण्याचे शब्द लोकांना पाठच असतात, बेंजो ते सुरांत म्हणतो. त्यामुळे धुमालाचं नाव बेंजोवाल्यावर चालतं. आमच्या पट्ट्यात तेव्हा दोन धुमाल जोरात होते. त्यांची खरी नावं फ्लेक्सवर मोठ्या अक्षरांत असत, पण ती कोणी घेत नसे. एक लाल गाडी, दुसरी निळी गाडी. आणि माणसं लालवाली, नाहीतर निळीवाली.

हा वाद शाळेसमोरच्या पानठेल्यावर चाले. संध्याकाळी पाच-साडेपाचला सुरू व्हायचा. ठेलेवाला सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटता घोटता दोन्ही बाजूंना "हो ना बाप्पा" म्हणायचा, कारण त्याला दोन्हीकडची गिऱ्हाईकं सांभाळायची होती.

"लाल गाडी आली का नाई, का घरातली म्हातारी बी अंगनात येऊन नाचते."

"नाचते कुठी? कानावर हात ठेवून पयते बिचारी."

"निळ्याचे यूट्यूबवर पाहा ना, कितीक लोक पाहून राह्यले!"

"अर्धे त त्याच्या सासरचेच असन. त्याचा साळा दिवसभर मोबाइल लावूनच ठेवते म्हन्ते."

"अन् तुमच्या लाल गाडीच्या बेंजोतून काय निघते माहीत हाये का? म्हशीले इंजेक्शन देल्यावानी आवाज निघते."

एखाद्या दिवशी हे हातघाईवर यायचं. दुसऱ्या दिवशी तीच माणसं एकाच पुडीतून खर्रा खायची. मी बाकावर एका कडेला बसायचो आणि ऐकायचो. मी लालवाला होतो. का, ते नीट सांगता येणार नाही. माझ्या वरातीत लाल गाडी होती, एवढंच कारण. पण घरात मी पगार आणणारा होतो, शाळेत पटावर सही करणारा होतो, आणि ठेल्यावर मी "आपला मानूस" होतो. लालवाले मला सरकून जागा द्यायचे. एवढ्याशा जागेसाठी माणूस काय करील, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

निळ्या गाडीचा बेंजोवाला माझ्याच गावचा, माझ्याच वर्गातला. भजनी मंडळाची पेटी मोकळी असली की आम्ही दोघं तिच्यावर बोटं फिरवायचो. त्याची बोटं चालली, माझी अडखळली. पुढे मी डी.एड. केलं आणि त्यानं बेंजो घेतला. मी लालवाला आहे हे त्याला माहीत होतं. रस्त्यात भेटला की हसून म्हणायचा, "का मास्तर, लालच हाये का बे अजून?"

त्या वर्षी शारदेच्या विसर्जनाला दोन मंडळांनी दोन गाड्या लावल्या आणि भर दुपारी चौकात सामना झाला. सामन्यात दोन्ही धुमाल समोरासमोर उभे राहतात. एकानं गाणं टाकायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं, आणि गर्दी ज्याच्याकडे सरकेल तो जिंकला. मी लाल गाडीच्या बाजूला उभा होतो. लोटालोटी झाली आणि मी ढकलला जात निळ्या गाडीच्या चाकापाशी येऊन पडलो. वरून त्यानं पाहिलं.

"चेंगरून मरतं का बे? ये वर."

"अबे, लोक पाह्यतीन ना."

"पाहू दे. तुया लाल पार्टीले सांगतो, तुमचा मानूस धरून ठेवला म्हनून."

त्यानं हात दिला आणि मला वर ओढलं. जनरेटरच्या बाजूला एका उपड्या खोक्यावर मी बसलो. तिथून त्याचे हात माझ्यापासून हातभर अंतरावर होते.

मिक्सरला एक पेन ड्राइव्ह लावलेला होता. मंडळाला आधी देवीची आरती हवी होती, रेकॉर्ड केलेली. आरती संपली तशी त्यानं तो काढला, शर्टाच्या खिशात टाकला आणि खिशाचं बटण लावलं. त्यानंतर जे वाजलं ते सगळं त्याच्या हातांनी. त्याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला चिकटपट्टी होती. घामानं ती सुटली तेव्हा त्यानं ती दातांनी ओढून थुंकली आणि गाणं तुटू दिलं नाही. मग एक तार तुटली. उरलेल्या तारांवर त्यानं ते गाणं असं ओढून नेलं की खाली नाचणाऱ्यांना पत्ताही लागला नाही. मला लागला. पेटीवर ज्या बोटांशेजारी माझी बोटं थांबली होती, तीच ही बोटं होती. मला आनंद झाला असं मी लिहिलं तर ते खोटं ठरेल. 

गर्दी निळ्याकडे वळली. लाल गाडीवाल्यांनी डिझेल भरायचं निमित्त करून गाडी मागे घेतली.

तिसऱ्या दिवशी मी ठेल्यावर गेलो. लालवाले तोंड पाडून बसले होते. निळीवाल्यांना गेल्या दोन दिवसांत दुसरा विषय नव्हता. तेवढ्यात आमच्यातला एक जण म्हणाला, "हातानं वाजवे तवा ना! पेन ड्राइव्ह लावते तो. मी सोता मिक्सरमंदी पाह्यला."

"तू कुठून पाह्यला बे? तू त नालीत पडून होता."

"पाह्यला म्हन्तो ना! लाल दिवा लुकलुक करत होता."

"सरायले विचारा. सर त गाडीवरच होते."

एकदम सगळे माझ्याकडे वळले. ठेलेवाल्याचा हातही थांबला. निळीवाल्यांपैकी जो सगळ्यांत मोठ्यानं भांडायचा, तोच म्हणाला, "हो, सर सांगतीन ते खरं. सर लालवाले हायेत, पन खोटं बोलत नाईत. सांगा सर, पेन ड्राइव्ह होता का नाई?"

मी म्हणालो, "होता."

बस्, एवढाच शब्द. आणि तो खराही होता. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं: आरतीपुरता होता, मग त्यानं काढून खिशात ठेवला. ते बोलायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ लोक थांबले होते. मी बोललो नाही. मग लालवाल्यांनी जी आरोळी ठोकली ती ऐकून समोरची कुत्रीही उठली. कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. ठेलेवाल्यानं मला सगळ्यांच्या आधी खर्रा दिला. निळीवाला माझ्याकडे पाहतच राहिला आणि हळूच म्हणाला, "अरे, अरे." बाकी काही नाही. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला होता.

मी खोटं बोललो नाही, असं स्वतःला सांगत मी घरी गेलो. पुढे किती दिवस तेच सांगत राहिलो.

आमच्याकडे मास्तरचा शब्द चालतो. "सर म्हन्तेत" एवढं पुढे लावलं की गोष्ट चार गावं ओलांडून जाते. मोबाइलच्या ग्रुपांवर गेली, नागभीडकडे गेली, नदीपार गडचिरोलीकडे गेली. सांगणाऱ्यांच्या तोंडी लाल दिवाही आला, वायरही आली, आणि बेंजोला ताराच नव्हत्या इथवर मजल गेली. लोक त्याला पेन ड्राइव्ह म्हणू लागले. आधी पाठीमागे, मग तोंडावर.

तो माझ्याकडे आला तेव्हा मोहाची फुलं गळायचे दिवस होते. शाळा सुटली होती. मी व्हरांड्यात हजेरीपट घेऊन बसलो होतो. तो पायरीवरच टेकला, वर ये म्हटलं तरी आला नाही.

"एक काम होतं गड्या."

"बोल ना."

"तिकडं एका लग्नात गेलो होतो. वाजवाच्या आधी नवरीच्या मामानं खिसे तपासले माये. बायामानसं उभी होती. म्हने, पेन ड्राइव्ह काढा आधी." तो हसायला गेला, पण हसू आलं नाही. "मी खिसे उलटे करून देखवले. का करू?"

मी हजेरीपट मिटला.

"तू होता ना त्या दिवशी गाडीवर," तो म्हणाला. "तुया समोर तार तुटली ना? तू एकडाव ठेल्यावर सांगून दे. तुयावाला शब्द मानतेत लोक. कोन बोम मारली मले माहीत नाई, अन् मले करायचं बी काई नाई त्याचं. तू फक्त सांगून दे."

मी म्हणालो, "पाहू."

"पाहू नको ना बे. सांग."

"सांगतो," मी म्हणालो.

तो उठला, चपला घातल्या आणि गेला. कोणी बोंब मारली हे त्याला खरंच माहीत नव्हतं की माहीत असून तो मला एक संधी द्यायला आला होता, हे मी आजही सांगू शकत नाही. दोन्हींपैकी काहीही असलं तरी माझी बाजू तेवढीच वाईट.

सांगायला मी गेलो होतो. खरंच गेलो होतो. बाकावर बसलो, घसा साफ केला. पण तोवर वाद पुढे सरकला होता. आता धुमाल भारी की डीजे भारी यावर भांडण चाललं होतं आणि लालवाले, निळीवाले एका बाजूला झाले होते. मधेच तोंड घालून जुनं उकरून काढायचं तर आधी सांगावं लागलं असतं की मी तेव्हा अर्धंच बोललो. मग पुढचा प्रश्न आला असता, काऊन? का म्हणून? त्या 'काऊन'ला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. मी खर्रा घेतला आणि उठलो. असं तीन-चारदा झालं. पुढे मी ठेल्यावर जाणंच कमी केलं. कोणाला ते खटकलं नाही, मी तसाही कमीच बोलायचो.

निळ्या गाडीच्या मालकानं त्याच्या जागी दुसरा बेंजोवाला आणला. लग्नवाले निळी गाडी ठरवताना विचारायचे म्हणे, "तो पेन ड्राइव्ह त नाई ना येत?" मालकाचंही काय चुकलं म्हणावं. आता दोन्ही गाड्या तशा थकल्याच आहेत. त्यांच्यावरून कोणी भांडत नाही. ज्या भांडणात एका माणसाचं नाव गेलं, ते भांडण कशावरून होतं हेही निम्म्या लोकांना आठवत नाही.

यंदा मिरची तोडायच्या हंगामात तो मला बसस्टँडवर दिसला. आमच्याकडची बरीच माणसं तेव्हा राजुऱ्यावरून पलीकडे तेलंगणात जातात, दोन-अडीच महिने तिकडेच राहतात. तोही बायकोला घेऊन निघाला होता. बोचकी, स्वयंपाकाचा गंज, तांदळाचं पोतं, सगळं रस्त्याच्या कडेला मांडून दोघं पिकअपची वाट पाहत होती. मी चंद्रपूरच्या बसला आलो होतो. टाळता आलं नाही.

"बरे हा ना सर?" तो म्हणाला.

आयुष्यभर त्यानं मला तू म्हटलं होतं, थट्टेत मास्तर नाहीतर बे. हे 'सर' त्यानं रागानं म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. मी विचारलं, "बेंजो?"

"हाये ना घरी, आढ्याले टांगून. तारा गंजल्या. मिरची तोडली का बोटं अशी जळतेत सर, का रातभर पान्यात ठेवा लागते. वाजवाले कुठी जमते."

त्याची बायको आमच्याकडे पाहत होती. पदर सारखा करत ती मला म्हणाली, "सर, एक इचारू का? तुमी गाडीवर होते म्हन्तेत हे. मी घरी रोज आयकलं हाये याईचं वाजवनं. पन लोक इतके म्हन्तेत ना, का मले बी कवा कवा वाटे, घरी वाजवत असन हातानं, पन तिथी गाडीवर का करत असन कोनाले माहीत. तुमीच सांगा. हातानंच वाजवे ना?"

"चूप ना वो," तो म्हणाला. "सरायले बस धरायची हाये."

"हातानंच," मी म्हणालो. "माझ्यासमोर तार तुटली होती. तरी थांबला नाही."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग तवा काऊन नाई सांगतलं जी?"

मी बस येते का ते पाहिलं.  त्यानं वाकून पोत्याचं तोंड पुन्हा एकदा आवळलं, जे आधीच आवळलेलं होतं. थोड्या वेळानं पिकअप आला. त्यानं आधी तिला चढवलं, मग सामान, मग स्वतः चढला. माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायला हवं होतं असं मी म्हणणार नाही.

ती दोघं अजून परतलेली नाहीत. एका बाईला मी रस्त्याच्या कडेला खरं सांगितलं, पण ते जिथे सांगायचं होतं ती जागा ती नव्हती. ज्या लोकांपुढे मी "होता" म्हणालो त्यांच्यापुढे, तो समोर असताना, मला सांगायचं आहे की पेन ड्राइव्ह आरतीपुरता होता आणि बाकी सगळं त्यानं हातानं वाजवलं. आणि त्याला एकट्याला सांगायचं आहे की ती बोंब मी मारली. ही दोन्ही देणी मी अजून दिलेली नाहीत.