स्ट्रॉबेरीचा व्हिसा आणि माझी गुळगुळीत बोटं

बीटी कपाशीच्या पाकिटावर ‘अळीला दाद देत नाही’ असं छापलेलं होतं. गुलाबी अळीला वाचता येत नव्हतं. त्या वर्षी उंद्रीतल्या आमच्या वावरात कापसाऐवजी अळ्याच जास्त निघाल्या, तेव्हा मी विलायतेला जायचं ठरवलं. तिकडे सहा महिने स्ट्रॉबेरी तोडायला माणसं हवी आहेत, अशी खबर खामगावच्या एका एजंटाकडून आली होती.

“फॉर्म भराले मी येते संगं,” बायको म्हणाली. “मागं राशन कार्डावर तुम्ही माह्यं नाव सासूच्या रकान्यात टाकून आलते.”

एजंटाने तिला पाहिलं आणि म्हणाला, “वहिनींचाही अर्ज भरून टाकू. फोटोवाला बसलेलाच आहे.” तीही बसली. फोटोत हसायचं नाही म्हटल्यावर तिला जे हसू आलं ते पाचव्या फोटोपर्यंत थांबलं नाही.

दोघांचे पासपोर्ट निघेपर्यंत उन्हाळा सरला. मग एजंटाच्या दुकानात कॉम्प्युटरवर मुलाखत झाली. पडद्यावर तिकडच्या शेतावरचा गोरा साहेब होता आणि शेजारी मराठी सांगणारी एक मुलगी.

“दिवसाला किती कापूस वेचता?” तिने मला विचारलं.

“एक क्विंटल,” मी छाती काढून म्हणालो.

बायको बाजूच्या खुर्चीवरून फस्सकन हसली. “काऊन खोटं बोलता बे... अवो!” जीभ चावून ती पडद्याकडे वळली. “बाई, हे बांधावर बसून आमाले सांगतात, तिकडची ओळ राह्यली म्हनून. वेचतो आमी बाया.”

मुलीने ते साहेबाला सांगितलं. साहेब बराच वेळ हसला. मग त्याने बायकोला विचारलं, काम संपल्यावर परत जाल ना?

“जाईन नाही तं! ह्यायले चहा बी करता येत नाही.”

आठ दिवसांनी तिचं निवडपत्र आलं. माझ्या पत्रात लिहिलं होतं की, तोडणीचा अनुभव पुरेसा नाही. वीस वर्षं शेती केलेल्या माणसाला! गावात कुणी भेटला की विचारायचा, “काय अनुभवी, कुठं चालले?”

पुढे ऐन वेचणीच्या दिवसांत व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागलं. मी सोबत गेलो, रुसलेलाच. तिथे मशीनवर तिची बोटं उमटेनात. बोंडांच्या टोकदार पाकळ्यांनी बोटांच्या शेंड्यांवर इतक्या चिरा पाडल्या होत्या की रेषा दिसतच नव्हत्या. ठसे घेणाऱ्या बाईंनी तीनदा पुसून पाहिलं. मशीन बिघडलंय की काय, म्हणून त्यांनी मला बोट ठेवायला सांगितलं. माझा ठसा पहिल्याच फटक्यात आरशासारखा उमटला.

“किती छान हात आहेत तुमचे,” बाई म्हणाल्या. “कुठल्या ऑफिसात असता?”

बायको पदरात तोंड घालून हसत राहिली. मला मात्र हसता येईना. संसाराच्या इतक्या वर्षांत तिची बोटं मी अशी उजेडात धरून कधी पाहिलीच नव्हती. बाईंनी दहा दिवस खोबरेल लावून परत यायला सांगितलं. ते दहा दिवस तिला मी कापसाला हात लावू दिला नाही. वेचणीला मी गेलो. पहिल्या दिवशी नऊ किलो वेचला आणि घरी येताना बैलगाडीत आडवा पडून आलो.

दुसऱ्या खेपेला ठसे उमटले, व्हिसा आला, आणि ती हिरवं लुगडं, त्यावर माझा स्वेटर अशा थाटात विमानात बसली.

खरी पंचाईत म्हशीने केली. ती बायकोशिवाय कुणाला दूध देईना. दोन दिवस लाथा खाल्ल्यावर मी बायकोचं जुनं लुगडं नेसलो, डोक्यावरून पदर घेतला आणि खाली बसलो. म्हशीने मुकाट्याने पान्हा सोडला. तेवढ्यात बायकोचा व्हिडिओ कॉल आला. एका हातात कास, दुसऱ्या हातात फोन. बंद करायला जावं तर कॉल चालूच झाला.

पडद्यावर ती, आणि तिच्या खांद्यांमागे देशोदेशीच्या सात-आठ बाया. सगळ्या पडद्याकडे झुकल्या. मग तिकडे जो हशा उसळला त्याने म्हैससुद्धा दचकली.

“अवो,” बायको डोळे पुसत म्हणाली, “पदर घसरून राह्यला, सावरा!”