सोबतीला आलेली वयनी

"यातल्या पार्वती कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

आम्ही दोघी बाकावर शेजारी शेजारी बसलो होतो. आजारी मी होते. पार्वती माझी थोरली जाऊ, मी तिला वयनी म्हणायचे. ती नुसती माझ्या सोबतीला आली होती. तिने हात वर केला. डॉक्टरांनी हातातले दोन कागद पुन्हा वरखाली केले आणि मला म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर बसा."

वयनीने माझा हात सोडला नाही. "ती माझी धाकटी जाव. तिच्यासमोर सांगा," ती म्हणाली.

ल्युकेमिया हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. डॉक्टरांनी तो सोपा करून सांगितला. रक्तात तांबड्या पेशी असतात, तशा पांढऱ्याही असतात. पांढऱ्या पेशी वाट्टेल तशा वाढत सुटल्या की बाकीच्यांना जागा उरत नाही. हा रक्ताचा कॅन्सर. वयनीला झाला होता तो हळूहळू वाढणारा प्रकार. औषधाने काही काळ आटोक्यात राहील, असं ते म्हणाले. बरा होईल असं म्हणाले नाहीत.

वयनीने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "आणि हिचा काय?"

"यांना ॲनिमिया आहे. म्हणजे रक्त कमी आहे. पोटात हूकवर्म झालेत, बारीक जंत, ते रक्त शोषतात. औषध घेतलं की बऱ्या होतील."

"ह्या बरा झाला," वयनी म्हणाली.

आम्ही तेव्हा काळाचौकीला एका चाळीत, तिसऱ्या माळ्यावर राहत होतो. एका खोलीत दोन बिऱ्हाडं. माझे यजमान गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे, वयनीचे यजमान, म्हणजे माझे भावजी, शिवडीला गोदीत होते. मी लग्न होऊन देवगडकडून आले, तेव्हा मला स्टोव्ह पेटवण्यापासून सगळं वयनीने शिकवलं. तिला मी अगं-तुगं करायचे. तिला मूल नव्हतं. ती अंगाने भरलेली, आवाजाने खणखणीत. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. बायकांचा मोर्चा निघाला की आमच्या माळ्यावरच्या बायकांना गोळा करून नेणारी तीच.

माझं दुखणं कधी सुरू झालं ते सांगता येत नाही. आधी जिना चढताना धाप लागायला लागली. मग पाण्याची कळशी उचलली की डोळ्यांपुढे काळोख यायचा. एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. मला भिंतीचा चुना खावासा वाटायचा. मोरीजवळचा पोपडा नखाने काढून मी गुपचूप तोंडात टाकायचे. तुमच्यापैकी कोणाला असं होत असेल, तर लाज धरू नका. तेही रक्त कमी असल्याचं लक्षण असतं. मला ते फार उशिरा कळलं.

वयनीने मला तसं करताना पाहिलं. ती रागावली नाही. माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि म्हणाली, "पांढरीफटक पडलंस गो. उद्या इस्पितळात जावया."

मी नाही म्हटलं. लहानपणी गावात देवी टोचायला माणूस आला होता. मला चौघांनी धरून ठेवलं होतं. तो दंड पुढे चिघळला आणि ताप उतरेना. आई रात्रंदिवस उशाशी बसून होती. त्यानंतर सुई नुसती बघितली तरी माझे हातपाय गार पडायचे. आणि चाळीत सगळेच म्हणत, परळच्या इस्पितळात आत गेलेलं माणूस खांद्यावरूनच बाहेर येतं. यजमानांनी समजावलं, भावजींनी दटावलं. मी आज-उद्या करत राहिले. शेवटी एका सकाळी जिन्यातच खाली बसले, ते मला उठता येईना.

वयनीने त्या दिवशी मला विचारलंच नाही. लुगडं बदलायला लावलं आणि बाहेर काढलं. नेमका हरताळ होता, ट्राम बंद. आम्ही चालत निघालो. दर चार पावलांवर मी कोणाच्या तरी दुकानाच्या बंद फळ्यांना टेकून उभी राहायचे. वयनी शेजारी उभी राहायची आणि बोलत राहायची. काय बोलली ते आठवत नाही.

डॉक्टर तरुण होते. रक्त तपासायची चिठ्ठी लिहायला त्यांनी पेन उचललं तशी मी खुर्चीवरून उठलेच. तेव्हा वयनी त्यांना म्हणाली, "डॉक्टर, माझी पण चिठ्ठी लिहा. मी आधी टोचून घेते. हिला बघू दे."

"तुम्हाला काय होतंय?" त्यांनी विचारलं.

"काय नाय. कधी कधी हकडे डाव्या बाजूक जड लागता. जेवण जास्त होत असेल."

ते हसले. पण चिठ्ठी लिहिली.

पॅथॉलॉजी म्हणजे रक्त, लघवी वगैरे तपासायची खोली. तिथे स्पिरिटचा वास होता. वयनी स्टुलावर बसली आणि बोट पुढे केलं. "माझ्या बोटाकडे बघू नको, तोंडाकडे बघ," ती मला म्हणाली. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. टोचलं तेव्हा तिची पापणीसुद्धा हलली नाही. मग माझी पाळी आली. ती मागे उभी राहून माझे खांदे दाबत होती. मुंगी चावावी तेवढंच दुखलं. एवढ्याचसाठी मी इतके महिने मरणाच्या वाटेवर बसून राहिले होते.

मग माझं शौचही तपासलं आणि दुपारी कागद आले. पुढचं तुम्हाला सांगितलंच. डाव्या बाजूचं जड लागणं म्हणजे त्या आजाराने प्लीहा सुजली होती.

परत येताना मीच रडत होते. वयनी म्हणाली, "घरात सगळ्यांका तुझा सांग. माझा मी सांगतंय." तिने ते कसं सांगितलं मला माहीत नाही. दोन दिवसांनी भावजी गॅलरीत भिंतीकडे तोंड करून उभे होते, त्यावरून मी ओळखलं.

गोळ्यांनी मी बरी होत गेले. गालांना रंग आला, चुन्याची ओढ गेली. वयनीचीही औषधाने सूज उतरली, ती पूर्वीसारखी दिसायला लागली. दीडएक वर्ष असं गेलं की कोणी नवखं माणूस घरात आलं असतं तर त्याला काही कळलं नसतं. ती गावी जाऊन आईला भेटून आली, मोर्चाला गेली. दर महिन्याला रक्त तपासायला आता मी तिच्याबरोबर जायचे. आम्ही दोघी बाकावर बसायचो आणि समोरच्या बायकांबद्दल हळू आवाजात बोलायचो.

मग औषध लागू पडेनासं झालं. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, अंगावर काळेनिळे डाग उठायला लागले. तिला वॉर्डात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, "ट्रान्सफ्यूजन करावं लागेल. दुसऱ्याचं रक्त यांना द्यावं लागेल. घरातलं कोण देतंय?"

यजमानांचं आणि भावजींचं रक्त जुळलं नाही. माझं जुळलं. डॉक्टरांनी माझा जुना कागद काढून बघितला, पुन्हा रक्त तपासलं आणि म्हणाले, "आता तुम्ही देऊ शकता. भीती वाटते का?"

"वाटते," मी म्हटलं. "घ्या."

ती सुई बोटात टोचायची नव्हती. जाड होती. मी डोळे मिटले नाहीत, काचेच्या बाटलीत रक्त चढताना बघत राहिले. तेवढं रक्त माझ्या अंगात आहे याचंच मला नवल वाटलं. तेही तिच्यामुळेच भरलेलं.

त्या रक्ताने वयनीला तरतरी आली. डॉक्टरांनी तिला थोडे दिवस घरी सोडलं. मी तिला न्हाऊ घातलं. तिने भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण मागून खाल्लं. संध्याकाळी गॅलरीत बसली आणि खालून जाणाऱ्या प्रत्येकीला हाका मारल्या. एकदा माझी बांगडी हातात फिरवत म्हणाली, "त्या दिवशी तू भियालंस म्हणान माका कळला. नायतर मी कसली जातंय इस्पितळात."

"कळून काय झालं, वयनी?"

ती म्हणाली, "गावाक जावन इलंय. आवशीक बघून इलंय."

पुढच्याच आठवड्यात तिला परत न्यावं लागलं. दुसऱ्या बाटलीची वेळ आली नाही. मी तिच्याजवळ होते. भावजी गोदीतून निघाले होते, त्यांना पोचायला थोडा उशीर झाला. ते आले आणि तिच्या पायांशी बसले. मी उठून त्यांना उशाशी बसवलं.

मी आता म्हातारी आहे. दर वर्षी रक्त तपासून घेते. भीती गेली, असं खोटं कशाला सांगू? आजही हात गार पडतात. गार हातांनीच जाते. भीती जायची वाट बघितली असती तर हे लिहायला मी राहिले नसते. ज्या डॉक्टरांनी हसत हसत दुसरी चिठ्ठी लिहिली, त्यांची मी ऋणी आहे. वयनीच्या बाबतीत तो शब्दसुद्धा पुरत नाही.

तुमची भीती जात नसेल तर एकटे जाऊ नका. आपलं जवळचं कोणी सोबत न्या. आणि तिथे पोचलात की त्या माणसाचंही रक्त तपासून घ्या. ते कितीही धडधाकट दिसत असलं तरी.