निळी फुलदाणी

ओल्या तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, वास आला की भद्रावतीच्या कॉलनीतलं ते अर्धं रिकामं क्वार्टर आठवतं. नवऱ्यामागे एकट्या राहिलेल्या तिथल्या बाई मुलाकडे जायला निघाल्या होत्या आणि जुनं सामान विकत होत्या. खिडकीत निळ्या काचेची एक फुलदाणी होती. तिच्या काचेत बारीक बुडबुडे होते आणि तिच्यातून आलेलं ऊन फरशीवर पाण्यासारखं हलत होतं. मी ती उचलून किंमत विचारली, तर बाई म्हणाल्या, "आमच्या यायनं लग्नानंतर आणली होती. ती विकाची नाई." मी ती हळूच खाली ठेवली. निघताना त्यांनीच विचारलं, "नेली असती तं काय ठेवलं असतं तिच्यात?" मी खरं ते सांगितलं, "मूल गावात आमचं पहिलंच घर झालं, बाई. अंगणात अजून काई लावलं नाई. सध्या धानाच्या लोंब्या ठेवीन." हे ऐकून त्यांनी आतून तणस आणलं आणि ती फुलदाणी स्वतःच गुंडाळून माझ्या हातात दिली. पैसे घेतले नाहीत, माझा पत्ता तेवढा लिहून घेतला. त्यानंतर मी बाजारातून, भंगारवाल्यांकडून अशा जुन्या रंगीत काचेच्या फुलदाण्या जमवून खिडकीत मांडत गेले. गेल्या रविवारी त्या बाई मुलासोबत अचानक दारात आल्या. खिडकीतल्या रंगीत काचांकडे बघत खुर्चीवर टेकल्या आणि मुलाला म्हणाल्या, "तू जाय. मी दोन दिवस इथीच राह्यतो."