वाळवण राखताना वाचलेली गोष्ट

कुंभार पिंपळगावच्या बाजाराला ज्या गावाहून पायी दोन तासांत पोचता येते, त्या गावच्या बौद्धवाड्यात गिरिजाबाई राहत असत. वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत त्यांना एकही अक्षर येत नव्हते. खुरपणी, काढणी, कापसाची वेचणी ही कामे येत होती, आणि कोणाच्या घरी बाळंतपण असले की पाणी तापवण्यासाठी पहिली हाक त्यांनाच जात असे. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली विहारात प्रौढांचा वर्ग निघाला, तेव्हा त्या पाटी घेऊन सर्वांच्या पुढे जाऊन बसल्या.

"गिरजामाय, आता काय तहसीलदार व्हायचं का?" मागून कोणीतरी म्हणाले.

"व्हईन की. आन् पयला दाखला तुझाच आडवून ठेवीन," असे त्यांनी मागे न बघता उत्तर दिले, आणि त्यानंतर त्यांना कोणी हसले नाही.

वर्ग पुंजाराम गुरुजी चालवीत. गुरुजी शाळेतले मास्तर होते आणि मोठ्या माणसांनाही शाळेतल्याच शिस्तीने शिकवीत. त्यांचा एक नियम फार कडक होता. अक्षराखाली बोट ठेवायचे आणि एकही अक्षर ओलांडून पुढे जायचे नाही. "जे अक्षर आपण सोडतो, त्याच अक्षरात दुसरा आपल्याला गुंडाळतो," असे ते म्हणत. गिरिजाबाईंनी हा नियम जिवापाड जपला. फाल्गुनापर्यंत त्यांना जोडाक्षरेही अडखळत वाचता येऊ लागली.

पुढे उन्हाळ्याची सुट्टी लागली. गुरुजी आपल्या गावी जायला निघाले, तेव्हा गिरिजाबाई त्यांच्या वाटेत जाऊन उभ्या राहिल्या. दोन महिन्यांत सगळी अक्षरे उडून गेली तर काय करायचे? गुरुजींनी शाळेच्या कपाटातून मुलांच्या गोष्टींची सात पातळ पुस्तके काढली, वहीत गिरिजाबाईंची सही घेतली आणि पुस्तके त्यांच्या ओटीत घातली.

"रोज एक पान वाचा, गिरिजाबाई. मोठ्याने वाचा. आणि समोर ऐकणारे कोणीतरी असू द्या. एकट्याने वाचताना झालेली चूक आपली आपल्याला कळत नाही."

आता ऐकणारे कोठून आणावे? मोठी माणसे कामावर असत, नाहीतर दुपारी आडवी होत. परंतु उन्हाळ्यात विहारापुढच्या मोकळ्या जागेत घराघरांच्या बाजा मांडलेल्या असत आणि त्यांवर जुन्या लुगड्यांत कुरडया, पापड, शेवया वाळत पडलेल्या असत. कावळे आणि शेळ्या हाकलण्यासाठी प्रत्येक घरातले एकेक पोर काठी घेऊन लिंबाच्या सावलीत बसवलेले असे. उठून जाण्याची ज्यांना मुभा नाही, असे श्रोते गिरिजाबाईंना आयतेच मिळाले.

पहिल्या दिवशी त्यांनी पुस्तक उघडले आणि नियमाप्रमाणे पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. छापखान्याचे नाव वाचले, गल्लीचे नाव वाचले, किंमतही वाचली.

"आजी, गोष्ट कवा येती?" भुजंग नावाच्या पोराने विचारले. त्याची जीभ वाड्यात सर्वांत लांब होती.

"यील. आधी जे लिव्हलंय ते तर सरू दे."

"तवर आमच्या कुरडया वाळून घरी जातील!"

पोरे खदखदून हसली, पण कोणी उठले नाही. एका पानाला अर्धा तास लागत असे. गिरिजाबाई शब्दाच्या मध्यावर थांबल्या की पोरे पुढचा शब्द ओळखण्यासाठी माना पुढे करीत, एकमेकांशी वाद घालीत, पैज लावीत. कालपर्यंत काठीने एकमेकांची टाळकी फोडायला निघालेली पोरे आता खांद्याला खांदा लावून एका पुस्तकात डोकावू लागली. हे पाहून गिरिजाबाईंना मोठा संतोष वाटे. आपण अक्षरे राखायला बसलो आणि त्यांनी पोरेही जवळ आणली, असे त्या नंदाबाई शेजारणीला सांगत.

या पोरांत बेबीनंदा होती. वय वर्षे सात. तिच्या घरचे वाळवण बाजेवर नव्हतेच, कारण घरात कुरडया करणारे कोणी उरले नव्हते; तरी ती रोज येऊन बसे. तिच्या आईला, उषाबाईला, कार्तिकात कावीळ झाली. बाप वसंता तिला जालन्याच्या दवाखान्यात घेऊन गेला, तेथेच ती वारली आणि तेथेच तिला अग्नी दिला गेला. वसंता एकटा परत आला. पोरीने विचारले, तेव्हा त्याची जीभ उचलेना. तो म्हणाला, "माय दवाखान्यात हाय. यील." मग साऱ्या वाड्याने तेच म्हटले. गिरिजाबाईंनीही म्हटले, "यील गं, औषध घेऊन यील." एकदा बोललेले खोटे कोणी मागे घेतले नाही.

तेव्हापासून बेबी चावू लागली. "तुझी माय मेली," असे म्हणणाऱ्या भुजंगाच्या दंडावर तिच्या दातांचा वण होता. शाळेत ती कोणाशी बोलेना. वसंता विहिरीच्या खोदकामावर दिवसभर खाली असे. हे प्रकरण त्याच्या आवाक्याबाहेर गेले. शेवटी त्याने ठरवले की आखितीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की, पोरीला जालन्याला, तिच्या आत्याकडे, कायमचे पाठवून द्यायचे. आत्याची लेकरे लहान होती, त्यांना सांभाळायला कोणी हवेच होते. शाळा मात्र तिथे सुटणार होती.

वाईट वाटावे असे पुढेच होते. बेबी या बेताने फार आनंदली. माय जालन्याला आहे, हे तिला ठाऊक होते. तिने चैत्रातच आपले दोन झगे गाठोड्यात बांधून ठेवले.

सुट्टीच्या तिसऱ्या आठवड्यात गिरिजाबाईंनी शेळीच्या पिलाची गोष्ट घेतली. कळप चरायला जातो, पिलू वाड्यात राहते, संध्याकाळी कळप परत येतो, असे ते कथानक होते. जे माणूस झरझर वाचते त्याची नजर ओळीच्या पुढे धावते आणि पुढे खड्डा असेल तर त्याला आधीच कळते. गिरिजाबाईंची नजर बोटाच्या पुढे जात नव्हती. त्या वाचत गेल्या, "त्या दि-व-शी आ-ई आ-ली ना-ही. दु-स-ऱ्या दि-व-शी-ही आ-ली ना-ही. आ-ई मे-ली हो-ती."

शेवटचे अक्षर तोंडातून बाहेर पडले तेव्हाच त्या काय बोलल्या हे त्यांना समजले. भुजंगाने आपला दंड मुठीत धरला.

बेबी उठून उभी राहिली. आता ती कोणावर तरी धावून जाणार असे सर्वांना वाटले. पण ती म्हणाली, "पिलाला कोणी सांगितलं का?"

"अजून तितवर आलो न्हाई, बाई."

"मंग वाच ना."

गिरिजाबाईंनी बोट पुन्हा ओळीवर ठेवले. गोष्टीत पुढे असे होते की पिलू रोज फाटकाशी उभे राही, कारण त्याला कोणी सांगितलेच नव्हते. अखेरीस एक म्हातारी शेळी त्याच्याजवळ आली आणि म्हणाली, ती आता येणार नाही, तू माझ्या कुशीत झोप.

"माझी माय जालन्याला हाय," बेबी म्हणाली. मग तिने विचारले, "आजी, हाय का?"

गिरिजाबाईंनी पुस्तक मिटले. हातात पुस्तक धरून खोटे बोलणे त्यांच्याने होईना.

"न्हाई, लेकी. तुझी माय कातीकातच गेली, त्याच दवाखान्यात. ती येत न्हाई आता. मी तुला खोटं बोलले. आम्ही सगळेच बोललो."

पोर चावली नाही, ओरडली नाही. ती गिरिजाबाईंच्या मांडीवर पडली आणि लिंबाची सावली बाजेच्या एका पायावरून दुसऱ्या पायावर जाईपर्यंत रडत राहिली. भुजंग हळूच जवळ सरकला आणि तिच्या पायाशी बसून राहिला. कोणाची काठी उठली नाही. नंदाबाईंची शेळी नंदाबाईंच्याच कुरडया खात होती. नंदाबाई बोंबलत आल्या, "मेल्यांनो, डोळे फुटले का तुमचे!" आणि समोरचे दृश्य पाहून त्याही मातीत बसल्या.

दिवस मावळताना वसंता गिरिजाबाईंच्या दारात आला. त्याच्या अंगावरची विहिरीची पांढरी माती अजून वाळली नव्हती.

"मावशी, कोणाला इचारून सांगितलं? ते सांगायचा हक माझा व्हता!"

"बराबर हाय. तुझाच व्हता," गिरिजाबाई म्हणाल्या. "सहा महिने झाले, वसंता. तू कवा सांगणार व्हतास?"

"जीभच उचलत न्हाई तर काय करू? आन् तुम्ही लेकरासमोर मरणाच्या गोष्टी वाचून राह्यल्या!"

"मला पुढं काय लिव्हलंय ते दिसत न्हाई, बाबा. दिसलं असतं तर मीबी तुझ्यासारखंच टाळलं असतं."

वसंता उंबऱ्यावर बसला. तो म्हणाला, "काय लिव्हलंय त्यात? मला वाचून दावा." गिरिजाबाईंनी उरलेल्या उजेडात ती दोन पाने पुन्हा वाचली. तो डोक्याला हात लावून ऐकत राहिला आणि मग घरी गेला.

दुसऱ्या दिवशी तो खोदकामावर गेला नाही. दारात बेबीला समोर बसवून त्याने तिला सारे सांगितले. माय कोणत्या खाटेवर होती, अंगावर कोणते लुगडे होते, शेवटच्या दिवशी तिने काय विचारले. तिने विचारले होते, "बेबीची येणी कोण घालतंय?" मग त्याने फणी मागितली आणि विहीर फोडणाऱ्या हातांनी पोरीची वेणी घालायला घेतली. ती अशी काही वाकडी झाली की भुजंग म्हणाला, "काका, ही येणी हाय का बैलाची येसण?" सहा महिन्यांनी बेबी प्रथमच हसली.

त्यानंतर तिने गिरिजाबाईंना दुसरी गोष्ट वाचू दिली नाही. रोज पिलाचीच गोष्ट. पोरे कुरकुरली, तरी बसली. "आली नाही" हे शब्द आले की बेबी स्वतःच ते मोठ्याने म्हणे आणि म्हातारी शेळी येईपर्यंत गिरिजाबाईंचे लुगडे धरून ठेवी. कोणी तिला चिडवले नाही. एका पोरीने तर आपल्या मेलेल्या भावाची आठवण सांगितली, आणि त्याच्याविषयी ती यापूर्वी कधीच बोलली नव्हती.

आखिती झाली आणि जालन्याहून आत्या, सोनूबाई, एसटीने आल्या.

"झाली का तयारी? चल बेबी, जल्दी कर, परतीची गाडी चुकंल."

बेबी बापाच्या मागे उभी राहिली. "मला जावंच लागतं का?"

"आता गं? चैतात तर तू नाचून राह्यलीस म्हणून निरोप आल्ता!"

"तवा माय तिथं व्हती," बेबी म्हणाली.

सोनूबाईंनी भावाकडे पाहिले. वसंताने मान खाली घातली, मग वर केली. "आक्का, ह्या साली न्हाई धाडत. आत्ता कुठं आम्ही दोघं बोलून राह्यलो."

"आन् माझी लेकरं कोण संभाळंल? बिलकुल इचार न्हाई केलास माझा!"

"चुकलं माझं. पर न्हाई धाडत."

सोनूबाई बऱ्याच बोलल्या. शेवटी पदराने तोंड पुसून त्यांनी बेबीला जवळ ओढले आणि म्हणाल्या, "माझ्या भावजयीचं नाक हाय बघ पोरीला." नंदाबाईंनी त्यांना शेळीच्या तोंडातून वाचलेल्या कुरडया बांधून दिल्या.

एसटीच्या थांब्यापर्यंत सारे पोचवायला गेले. गाडी धूळ उडवीत निघून गेली, तेव्हा बेबीने बापाचे बोट धरून आईविषयी आणखी काहीतरी विचारले, आणि तो तिला उत्तर देत चालू लागला. गिरिजाबाईंनी मुद्दाम चाल मंद केली, म्हणजे ते बोलणे त्या दोघांचेच राहील. उतारवयात ज्यांनी आपल्याला अक्षर दिले त्या गुरुजींचे, आणि ज्या पोरीने आपल्याला खरे बोलायला लावले तिचे, त्यांनी चालता चालता मनोमन आभार मानले.