एका फायलीतले खडप

आमच्या कोळीवाड्यात मुलींना सगळं सांगतात, फक्त समुद्रातल्या जागा सांगत नाहीत. पाण्याखालचा खडक, म्हणजे खडप, कुठे आहे, त्याच्याभोवती मासळी कुठे लागते, जाळं कुठे अडकून फाटतं, हे ज्याचं त्याच्या घरात राहतं. मुलगी लग्न होऊन गेली की जागाही सासरी जातात म्हणे. मला याचा लहानपणापासून राग.

यंदा बाबांचे डोळे अधू झाले. नारळी पौर्णिमेनंतर बोट भाऊ नेणार असं ठरलं. तो दहा वर्षं बोईसरच्या कारखान्यात होता. बोटीवरच्या जीपीएसमध्ये बाबांचे खडप नव्हते, आणि त्याच्या डोक्यात काही म्हणजे काही राहत नाही. मी सालवडला सासरी असते, कंपनीत संगणकाचंच काम करते. म्हटलं, मी उतरवून घेते.

"आनि तुज्या इंटरनेटवर गेलं म्हंजे?" बाबा म्हणाले.

"काय नाय जात. सर्व्हर नाय, पासवर्ड नाय, एकच फाईल. दादाला दिली का माज्याकडची पुसून टाकीन."

मी म्हणाले खरं, पण आतून चरफडत होते.

प्रोग्राम चार ओळींचा. फाईल उघड, तक्ता नसेल तर बनव, नोंद घाल, जतन कर. मासेमारी बंदीतल्या प्रत्येक रविवारी बाबा ओट्यावर बसून सांगायचे: देवळाचा कळस आणि उंच चिमणी एका रेषेत आली, की आठ वाव खोल पाण्यात खडप. त्रेसष्ट जागा झाल्या.

शेवटच्या रविवारी भावाला दाखवायला प्रोग्राम चालवला, तर तक्ता कोरा. एकही नोंद नाही. भाऊ म्हणाला, "झालं!" मी पुन्हा चालवला, पुन्हा कोराच.

बाबांनी शांतपणे विचारलं, "तू उबी कुटं हायस?"

"म्हंजे?"

"जागा हालत नाय, बाय. आपन भलत्या ठिकानी उबं ऱ्हातो."

मी बघितलं. प्रोग्राम मी दुसऱ्याच फोल्डरमधून चालवला होता. फायलीचं मी नुसतं नाव लिहिलेलं, पूर्ण पत्ता नाही. तिथे फाईल सापडली नाही, तर त्या शहाण्या प्रोग्रामने न बोलता नवी कोरी बनवली. जुनी आपल्या फोल्डरात होती तशीच होती. त्रेसष्टच्या त्रेसष्ट. मी पूर्ण पत्ता घातला आणि फाईल भावाच्या मोबाइलात टाकली.

मग शब्द दिला होता म्हणून माझी प्रत पुसायला गेले.

"ऱ्हाऊं दे," बाबा म्हणाले.

"मी दुसऱ्या घरची ना?"

ते ओट्यावर माझ्याजवळ सरकले. मग म्हणाले, "एक जागा मी सांगितलीच नाय तुला. आपली सगल्यात चांगली. लिव."

मला रडू आलं. डोळे पुसत मी चौसष्टावी नोंद घातली. भावाला नवी प्रत द्यावी लागली.