बाकाचा प्रसंग

मालकांनी तो सिनेमा पहिल्यांदा पाहिला, त्याच्या दुसऱ्या दिवशी आमचं दुकान दीड तास उशिरा उघडलं. कारण काय, तर त्यांचे डोळे सुजले होते, आणि सुजलेले डोळे घेऊन चष्मेवाल्याने लोकांचे डोळे तपासणं बरं दिसत नाही. मी बंद दारासमोर पायरीवर बसून होते. आले ते डोळे पुसतच. म्हणाले, "बाई, काय सांगू तुम्हाला. बाप काय असतो ते काल कळलं."

त्यांचं वय तेव्हा त्रेपन्न होतं, आणि त्यांचा बाप दुकानाच्या वरच्या खोलीत बसलेला होता.

मी त्या दुकानात मागच्या बाजूला काचा घासायची. नंबर मालक काढायचे, मी काच कापून, कडा घासून फ्रेममध्ये बसवायची. सोळा वर्षं हेच काम. त्यामुळे मी त्यांच्याबद्दल सांगते ते ऐकीव नाही.

सिनेमा एका म्हाताऱ्या बापाचा होता. तीन मुलं, तिघंही त्याला एकमेकांकडे ढकलतात, आणि शेवटी तो आपली पेटी मांडीवर घेऊन स्टेशनच्या बाकावर बसून राहतो. धाकट्याला पश्चात्ताप होतो, तो धावत येतो, पण तोवर उशीर झालेला असतो. शेवटची बारा मिनिटं नुसता तो बाक आणि तो बाप. साऱ्या गावाने डोळे पुसले. मीही रडले, खोटं कशाला बोलू. घरी येऊन आईला फोन केला. मग आठवडाभर रोज केला, आणि मग पुन्हा होते तशीच झाले. सिनेमाने मला आठ दिवस बरं माणूस केलं. सगळं धरून एवढंच, पण केलं.

मालकांचं तसं नव्हतं. त्यांनी तो सिनेमा अकरा वेळा पाहिला. दर रविवारी दुपारचा खेळ, तीच रांग, तीच कडेची खुर्ची. दोन रुमाल इस्त्री करून न्यायचे, एक डोळ्यांना आणि एक नाकाला. सोमवारी दुकानात रविवारची उजळणी चालायची. गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवायची, डाव्या डोळ्यावर झाकण घालायचं, आणि समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगायच्या ऐवजी विचारायचं, "तुम्ही तो पाहिलात का हो? बाकाचा प्रसंग?" एका बाईंना सुईत दोरा ओवता येत नव्हता म्हणून त्या आल्या होत्या. पाऊण तास एक डोळा झाकून त्या बापाची कर्मकहाणी ऐकत बसल्या आणि नंबर न काढताच उठून गेल्या.

गल्लीत मालकांचं नाव पडलं होतं नळ. समोरचा न्हावी दारात उभा राहून ओरडायचा, "आलं का रे पाणी नळाला?" आणि शेजारचा चांभार आतून म्हणायचा, "बादली लावा!" मालकांना हे माहीत होतं. त्यांना वाटायचं, कोमल मनाच्या माणसाला जगात असंच सोसावं लागतं.

आता वरच्या खोलीचं सांगते. बाबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. एक्केचाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेली. चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ त्यांना खड्यासारखा टोचायचा. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती, मालकांचं लग्न झालं नव्हतं, म्हणून घरात दोघंच. मालक सकाळी जेवणाचा डबा त्यांच्या दारात ठेवायचे, "बाबा, डबा!" म्हणायचे आणि खाली उतरायचे. रोजचं बोलणं ते एवढं.

आणि बाबांचा चष्मा. चष्मेवाल्याच्या बापाचा चष्मा! एक काडी दोऱ्याने बांधलेली, डावी काच तडकलेली, नंबर बारा वर्षांपूर्वीचा. ते वर्तमानपत्र उघडून बसायचे, ठरावीक वेळाने पान उलटायचे. मी एकदा चहा घेऊन वर गेले तर पेपर उलटा होता. मी कप ठेवला. त्यांनी पेपर सरळ केला नाही, कारण उलटा आहे हे त्यांना दिसतच नव्हतं.

मी मालकांना म्हटलं, "बाबांचा नंबर काढून द्या. काच मी अर्ध्या तासात घासून देते."

"बाई, बापाचे डोळे असे घाईत तपासायचे नसतात," ते म्हणाले. "त्याला मन स्थिर लागतं."

तीनदा सांगितलं, तीनदा पुढच्या आठवड्यावर गेलं. मला आधी तो आळस वाटला. पण आळस नव्हता. डोळे तपासायचे तर माणसासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागतं, श्वास लागेल इतकं जवळ जावं लागतं, त्याच्या डोळ्यात बघावं लागतं. पडद्यावरच्या बापाचं बरं होतं. तो पन्नास फुटांवर होता, आणि तो परत बघत नव्हता. मीही काही फार मोठी नव्हे. बाबांना हाताला धरून दुसऱ्या दुकानात नेता आलं असतं. नोकरी जाईल म्हणून नेलं नाही.

बाराव्या वेळी मालकांच्या डोक्यात आलं की बाबांना सिनेमाला न्यायचं. "त्यांना कळू दे, मुलाच्या मनात काय आहे ते." मला सोबत बोलावलं, बाबांना जिना उतरवायला. बाबा इस्त्रीचा सदरा घालून तयार होते. चार वर्षांत मुलाने कुठे नेलं नव्हतं. जिन्यावर मला हळूच विचारलं, "काही विशेष आहे का आज?"

खुर्च्यांवर मालक, मध्ये बाबा, पलीकडे मी. सिनेमा सुरू झाला.

"समोर काय आहे रे?" बाबांनी विचारलं.

"समुद्र आहे, बाबा."

"मला तर ओली चादर वाळत घातल्यासारखं दिसतंय."

"हळू बोला, बाबा. लोक बघतायत."

मग मी त्यांच्या कानात सांगू लागले. आता मोठा मुलगा आला, आता सून दार लावतेय. बाबा मान डोलवायचे. मध्येच म्हणाले, "हा बाप बोलतो फार." पुढच्या रांगेतलं कोणी तरी खुदकन हसलं. मालकांनी रुमालाआडून माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ते वाक्य शिकवलं होतं.

त्या सिनेमाचं मध्यंतर फार उशिरा, शेवटच्या अर्ध्या तासाआधी होतं. तेव्हा बाबांना मोरीकडे जायचं होतं. मालक म्हणाले, "आत्ता? बरं, त्या दारातून बाहेर आणि डावीकडे." आणि बसून राहिले. मी बाबांना दारापर्यंत नेलं. पुरुषांच्या बाजूला आत मला जाता येईना, म्हणून बाहेर थांबले. घंटा झाली, दिवे गेले, पडदा सुरू झाला, पंधरा मिनिटं गेली, तरी बाबा आले नाहीत. दाराशी तिकिटं फाडणारी बाई होती, तिला विचारलं. ती म्हणाली, "आतून मागच्या अंगणातही दार उघडतं की."

मी धावत आत गेले. अंधारात चाचपडत मालकांची खुर्ची गाठली. "मालक, बाबा सापडत नाहीत. उठा."

त्यांचे गाल ओले होते. माझा हात बाजूला करत ते म्हणाले, "थांबा हो बाई दोन मिनिटं, आता बाक येतोय."

हे वाक्य मी कोणाला सांगितलं तर लोकांना वाटतं मी मीठमसाला लावतेय. लावायची गरजच नाही.

तिकिटांच्या बाईने आणि मी बाबांना शोधलं. मागच्या अंगणात मोडक्या खुर्च्यांचा ढीग होता, त्याच्यापाशी ते जमिनीवर बसले होते. पायरी दिसली नव्हती. उजवं मनगट सुजून वाकडं झालं होतं आणि चष्म्याचे दोन तुकडे झाले होते. आम्ही त्यांना आत आणून बसवलं आणि मी मालकांच्या थोरल्या बहिणीला फोन लावला. ताई इस्पितळाच्या धुलाईखात्यात मुकादम होत्या. "आले," एवढंच म्हणाल्या.

त्या यायच्या आधी सिनेमा सुटला. सगळे डोळे पुसत बाहेर आले. म्हाताऱ्या बापासाठी दोन तास रडलेली दीड-दोनशे माणसं हात मोडून बसलेल्या एका म्हाताऱ्याला वळसा घालून पायऱ्या उतरली. सर्वांत शेवटी मालक.

"बाबा! अहो, मला वाटलं तुम्ही दुसरीकडे बसलात."

"संपला?" बाबांनी विचारलं.

"हो."

"मग काय झालं त्या बापाचं?"

एखाद्याने जीभ चावली असती. मालकांनी सांगायला सुरुवात केली. उभ्या उभ्या, हातवारे करून, धाकटा कसा धावत येतो, पेटी कशी उघडी पडते. त्यांचा आवाज फुटला, डोळे पुन्हा भरले. तेवढ्यात ताई आल्या. त्यांनी बापाचं मनगट पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "आधी बाजूला हो. मला रिक्षापर्यंत वाट हवी आहे."

बाबा परत वरच्या खोलीत आले नाहीत. ताईंकडेच राहिले. इस्पितळासमोरच्या एका दुकानातून ताईंनी त्यांचा नंबर काढून घेतला, चार दिवसांत चष्मा आला. मी पाहिला तो. कडा ओबडधोबड घासल्या होत्या. पण बाबा पेपर वाचत होते. मांडीवर पेन्सिल, अग्रलेखात अकरा खुणा. संपादकाला पत्र लिहिणं चालू होतं, डाव्या हाताने.

मालक गल्लीत सांगत फिरले की बहिणीने बाप तोडून नेला. हुबेहूब सिनेमातल्यासारखं, म्हणे. न्हावी म्हणाला, "हो ना, फक्त त्यात तू कोण आहेस तेवढं विचार." मालकांना ते कळलं नाही.

सुट्टीच्या दिवशी मी ताईंकडे जाऊ लागले. एकदा बाबांनी पेपरवरून नजर न उचलता विचारलं, "तो खरंच रडत होता का गं, की लोकांना दाखवायला?"

मी म्हटलं, "खरंच रडत होते, बाबा."

"हं," ते म्हणाले, आणि पुढच्या ओळीला खूण केली. ढोंगी माणसाला शिव्या घालून मोकळं होता येतं. या माणसाचं पाणी खरं होतं. फक्त त्याचा पाट भलत्याच शेताकडे काढलेला होता.

पुढे एका रविवारी मी तिथे असतानाच मालक आले. दोन महिन्यांनी पहिल्यांदा. नवा सदरा, हातात फळांची पिशवी. बाबांसमोर उभे राहिले, खाली मान घातली, आणि म्हणाले, "बाबा, मी तुमचा हात सोडला, पण तुम्ही माझं बोट कधीच सोडलं नाहीत."

ते धाकट्या मुलाचं वाक्य होतं, बाकापाशी म्हटलेलं. ताईंनी कपाळाला हात लावला. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि मुलाकडे नीट पाहिलं.

"हे तुझं नाही," ते म्हणाले.

"काय?"

"वाक्य. तू असं बोलत नाहीस. तुझं काय असेल ते सांग."

मालकांनी ताईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, जणू कोणी तरी मागून सांगेल. त्या क्षणी मला त्यांची कीव येणार होती, पण मोरीची वाट विचारणारे बाबा आठवले आणि आलेली कीव मी गिळून टाकली.

शेवटी ते म्हणाले, "दुकान बरं चाललंय."

"बरं," बाबा म्हणाले. "बस."

ते बसले. अर्धा तास बसले. फळांची पिशवी मांडीवरच राहिली. जाताना ताईंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

मी त्या महिन्यात नोकरी सोडली. फार मोठी बंडखोरी नव्हती. दुसऱ्या दुकानात जागा मिळाली म्हणून सोडली. मालक त्यानंतर ताईंकडे तीनचार वेळा गेले असतील. प्रत्येक वेळी अर्धा तास, प्रत्येक वेळी दुकान.

बाबा दोन वर्षांनी गेले, झोपेत, त्रास न होता. मी गेले तेव्हा खोली माणसांनी भरली होती आणि मालक कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. डोळे ठणठणीत कोरडे. लोक कुजबुजत होते, धक्का बसलाय बिचाऱ्याला, रडवा त्याला. न्हाव्याने माझ्याकडे पाहिलं, पण विनोद केला नाही. मला मनातून फार राग आला. अकरा रविवार आणि एक बारावा, त्यातला एक थेंबही शिल्लक ठेवता आला नव्हता का?

ताई स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन आल्या. म्हातारी माणसं पुढे होती, पाहुणे होते. सगळ्यांना ओलांडून त्या कोपऱ्यात गेल्या, पहिला कप भावाच्या हातात दिला, आणि कप कलंडायला लागला म्हणून त्याला खालून आपला हात लावून उभ्या राहिल्या. तो पिऊन होईपर्यंत.

मला ते जमलं नसतं.